फंक्शन बोलावलं एकदा, चाललं तीनदा: लॅम्डामधल्या जादा धावांचा माग

सकाळी पावणेआठला एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "सायेब, बिलाचा मेसेज तीन-तीनदा आलाय लोकांना. पैसं पण तीनदा पडणार काय?" पैसे तीनदा पडणार नव्हते, ते वेगळ्या वाटेने जातात. पण माझी झोप उडाली ती उडालीच.

दुधाचं बिल आपल्याकडे दहा दिवसांचं असतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. त्यामुळे ही अडचणही दहा दिवसांनीच तोंड दाखवायची. दुरुस्ती करायची, दहा दिवस वाट बघायची, पुन्हा कुणाचा तरी फोन. तीन वेळा आम्ही "सापडलं, संपलं" असं म्हणालो आणि तिन्ही वेळा खरंच काहीतरी सापडलंही होतं. फक्त दर वेळी लक्षण तेच आणि कारण वेगळं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. लॅम्डावर (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडमध्ये स्वतः सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सोय) काही चालवत असाल आणि एखादं काम दोनदा-तीनदा होत असेल, तर कोडमध्ये डोकं घालण्याआधी हे वाचा.

मांडणी साधी होती. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये पायथनमध्ये लिहिलेलं एक लॅम्डा फंक्शन. त्याला संस्थेचा कोड आणि बिलाचा कालावधी द्यायचा. ते दुधातल्या फॅट-एसएनएफवरून (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ) दर लावून हिशेब करतं आणि प्रत्येक सभासदाला मराठीत मेसेज पाठवतं. आमच्या सर्व्हरवरची एक शेल स्क्रिप्ट संस्थांची यादी घेऊन एकेकीसाठी एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनवरून ते बोलावायची. मेसेज देवनागरीत असला की एका मेसेजात ७० अक्षरंच मावतात, जोडमेसेज झाला की प्रत्येक तुकड्यात ६७. म्हणजे आमचं एक बिल दोन-तीन मेसेजांच्या भावाने जायचं. ते तीनदा गेलं की खर्चाचं काय होतं ते सांगायला नको.

आधी रिक्वेस्ट आयडी बघा

पहिला संशय अर्थातच स्वतःच्या लूपवर. अर्धा दिवस त्यात गेला आणि लूप निर्दोष सुटला. मग लॅम्डाचे लॉग जिथे साठतात ते क्लाउडवॉच उघडलं, तर तिथे धाव एकच दिसत होती. इथेच बहुतेकजण फसतात. लॅम्डा एकाच वेळी दोन धावा चालवतं तेव्हा त्या दोन वेगळ्या एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटमध्ये चालतात आणि प्रत्येकीचा लॉग स्ट्रीम वेगळा असतो. तुम्ही एक स्ट्रीम उघडून बसलात तर शेजारच्या स्ट्रीममधली दुसरी धाव तुम्हाला दिसणारच नाही. तेव्हा एकेक स्ट्रीम बघू नका, पूर्ण लॉग ग्रुपमध्ये शोधा. लॉग्स इनसाइट्समध्ये 'स्टार्ट' आणि 'रिपोर्ट' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढा आणि वेळेनुसार लावा. प्रत्येक धावेला या दोन ओळी मिळतातच, त्यासाठी तुमच्या कोडने काही छापावं लागत नाही.

वेळ बघताना एक भान ठेवा. लॅम्डाच्या आत घड्याळ यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं) असतं आणि तुमच्या कोडने छापलेली वेळही तीच. सचिव सांगतात "साडेसातला आला", लॉगमध्ये तो असतो दोन वाजता. साडेपाच तासांचा हा फरक मी तोंडपाठ सांगतो, तरीही त्या सकाळी पंधरा मिनिटं चुकीच्या तासात शोधत होतो.

आता त्या ओळींमधला रिक्वेस्ट आयडी, म्हणजे त्या बोलावण्याचा ओळखक्रमांक, बघा. माझ्या मते सगळ्या तपासाची किल्ली इथे आहे. लॅम्डा स्वतःहून काम पुन्हा करतं तेव्हा, म्हणजे असिंक्रोनस (निरोप टाकून उत्तरासाठी न थांबता) बोलावण्यात, आयडी तोच राहतो. बाहेरच्या कुणी पुन्हा हाक मारली असेल तर आयडी नवा येतो. रांगेतून आलेलं काम परत आलं तरीही आयडी नवाच असतो, पण आतल्या निरोपाचा मेसेज आयडी जुना असतो. म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हे दोन्ही आयडी छापून ठेवा. ही एक ओळ आमच्याकडे आधीपासून असती तर पहिला महिना वाचला असता.

पहिलं कारण: ६० सेकंद थांबून पुन्हा हाक मारणारी कमांड लाइन

आमच्या लॉगमध्ये एकाच संस्थेच्या तीन धावा दिसल्या, तिघींचे आयडी वेगळे. सुरुवातीच्या वेळा बघितल्या तर एकीमागून दुसरी एका मिनिटाच्या अंतराने, वर एखादा सेकंद. शिवाय पहिली धाव संपायच्या आत दुसरी सुरू झालेली. आणि हे फक्त मोठ्या संस्थांचं. ऐंशी सभासदांची संस्था वीस सेकंदांत संपायची, तिथे सगळं ठीक. चारशे सभासदांची नव्वद सेकंद घ्यायची, तिथे तीन मेसेज.

एडब्ल्यूएसची कमांड लाइन उत्तरासाठी मुळात ६० सेकंदच थांबते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर तिला वाटतं जोडणी तुटली, आणि ती मुकाट्याने तीच विनंती पुन्हा पाठवते. दुसऱ्या आवृत्तीच्या कमांड लाइनमध्ये पहिला धरून एकूण तीन प्रयत्न होतात. इकडे लॅम्डाला यातलं काही माहीत नसतं. हाक मारणारा कंटाळून गेला म्हणून चालू धाव थांबत नाही, ती शेवटपर्यंत चालते. म्हणजे तीन हाका, तीन पूर्ण धावा, तीन मेसेज. शेवटी कमांड लाइन 'रीड टाइमआउट' असं सांगून हात वर करते, आणि आमची स्क्रिप्ट ती चूक एका फाइलीत लिहून पुढच्या संस्थेकडे वळायची. ती फाइल कुणीही उघडून बघितली नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा.

पायथनमधून एडब्ल्यूएसची बोटो३ ही लायब्ररी वापरून बोलावत असाल तर प्रकार हाच, आकडा मोठा. तिथेही ६० सेकंदच, पण जुन्या 'लेगसी' पद्धतीत एकूण पाच प्रयत्न. कुठलं काम नेमकं पाच वेळा झालेलं दिसलं की मी आता आधी हेच तपासतो.

हे स्वतः बघायचं असेल तर दहा दिवस थांबायची गरज नाही. एक रिकामं फंक्शन बनवा, त्यात आयडी छापा आणि ७० सेकंद झोपवा. टाइमआउट ९० सेकंद ठेवा, कारण मुळात तो ३ सेकंदांचा असतो आणि तसाच राहिला तर भलताच निकाल मिळेल. मेमरी १२८ एमबी पुरे. कमांड लाइनवरून एकदा बोलावा आणि चहा घेऊन या. लॉगमध्ये तीन 'स्टार्ट' दिसतील. माझ्या टीममधल्या एकाचा यावर विश्वास बसत नव्हता, त्याला हे करून दाखवलं तेव्हा बसला.

उपाय दोन आणि दोन्ही एकदम करायचे. कमांडला 'सीएलआय रीड टाइमआउट' हा पर्याय शून्य देऊन जोडा, म्हणजे ती उत्तर येईपर्यंत थांबते. आणि 'एडब्ल्यूएस मॅक्स अटेम्प्ट्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. या आकड्यात पहिला प्रयत्न धरलेला असतो. बोटो३च्या कॉन्फिगमध्ये मात्र 'मॅक्स अटेम्प्ट्स' म्हणजे पहिल्यानंतरचे जादा प्रयत्न, तिथे शून्य द्यावं लागतं. नाव सारखं, मोजणी वेगळी. असं का, हे विचारू नका.

थांबण्याची मुदत वाढवली तरी वाटेत एक खड्डा राहतो. तुमचा सर्व्हर नॅट गेटवेमागे (आतल्या सर्व्हरांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारं दार) असेल तर ३५० सेकंद काहीच ये-जा न झालेली जोडणी तो गेटवे विसरून जातो. फंक्शन सहा-सात मिनिटं चालणारं असेल, तर उत्तर येतं तेव्हा ते घ्यायला दारात कुणी नसतं. टीसीपी कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारी खूण) लावून हे सुटतं. पण खरं सांगायचं तर पाच मिनिटांहून लांब कामासाठी फोन कानाला लावून बसण्यात अर्थ नाही.

जाता जाता, कमांड लाइनची पहिली आवृत्ती सोडून दुसरीवर आलात आणि पेलोड (फंक्शनला द्यायची माहिती) दिल्यावर 'इनव्हॅलिड बेस६४' अशी चूक आली, तर फंक्शन बिचारं निर्दोष आहे. दुसरी आवृत्ती पेलोड आधीच बेस६४मध्ये आहे असं धरून चालते. तिच्या सेटिंगमध्ये बायनरी फॉरमॅट 'रॉ इन बेस६४ आउट' करा आणि विसरून जा.

दुसरं कारण: लॅम्डाचा स्वतःचा चांगुलपणा

"मग सरळ असिंक्रोनसच करू की," असं ठरलं. बोलावताना इन्व्होकेशन टाइप 'इव्हेंट' दिला की लॅम्डा लगेच २०२ हा कोड परत देतं, म्हणजे "निरोप मिळाला, बघतो". थांबायचं नाही, टाइमआउट नाही. स्क्रिप्ट दोन मिनिटांत संपायला लागली. आम्ही खूश.

पुढच्या बिलाला पुन्हा फोन. या वेळी तक्रार जास्त विचित्र होती: यादीतल्या पहिल्या काही जणांना तीन मेसेज आणि बाकीच्यांना एकही नाही. लॉगमध्ये तीन धावा, तिन्हींचा रिक्वेस्ट आयडी एकच. पहिली पडल्यावर एका मिनिटाने दुसरी, ती पडल्यावर दोन मिनिटांनी तिसरी.

हे अंतर लक्षात ठेवा, ते अंगठ्याच्या ठशासारखं आहे. असिंक्रोनस बोलावण्यात फंक्शन चुकीने संपलं तर लॅम्डा ते आणखी दोनदा करून बघतं, आधी एक मिनिट थांबून आणि मग दोन मिनिटं थांबून. आमच्या यादीत २१७व्या क्रमांकाच्या सभासदाचा मोबाइल नंबर नऊ आकडी होता. मेसेजवाल्यांच्या एपीआयने तो नाकारला, आमच्या कोडने ती चूक झेलली नाही आणि फंक्शन तिथेच आडवं झालं. लॅम्डाने भल्या बुद्धीने पुन्हा उभं केलं, ते पहिल्या सभासदापासून सुरू झालं आणि पुन्हा २१७व्यावर आपटलं. दहा आकड्यांच्या जागी नऊ, बाकी काही नाही. सिंक्रोनस असताना ही चूक आमच्या स्क्रिप्टला तरी कळली असती. असिंक्रोनसमध्ये २०२ मिळाल्यावर पुढे काय झालं हे हाक मारणाऱ्याला कधीच कळत नाही.

सिंक्रोनसबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो, कारण आमच्या स्क्रिप्टमध्ये तोही होता. फंक्शनच्या आत चूक झाली तरी बोलावण्याचा कोड २००च येतो. लॅम्डाच्या दृष्टीने बोलावणं यशस्वी झालेलं असतं, तुमचं फंक्शन आत पडलं ही वेगळी बाब. ती उत्तरातल्या 'फंक्शन एरर' या खान्यात लिहिलेली असते. २०० बघून "झालं" म्हणणारी स्क्रिप्ट लिहू नका.

नोव्हेंबर २०१९पासून या आपोआप होणाऱ्या प्रयत्नांवर आपला ताबा आहे. फंक्शनच्या असिंक्रोनस सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम रिट्राय अटेम्प्ट्स' ० ते २ ठेवता येतात आणि निरोपाचं जास्तीत जास्त वय ठरवता येतं, जे मुळात सहा तास असतं. तिथेच अपयशी निरोप कुठे पाठवायचे ती जागाही लावता येते. आम्ही प्रयत्न शून्य केले, पडलेले निरोप एका रांगेत पाठवले आणि नऊ आकडी नंबर झेलणारा कोड लिहिला.

आणि दहा दिवसांनी पुन्हा तेच झालं. अगदी तेच, तोच २१७वा सभासद.

मधलं एक वळण: दुरुस्ती चालूच नव्हती

हे मी वेगळं लिहितो, कारण यात आमची सगळ्यात जास्त लाज गेली. नवा कोड आम्ही डिप्लॉय केला होता, कन्सोलमध्ये दिसतही होता, तिथलं 'टेस्ट' बटण दाबून तपासलाही होता. पण स्क्रिप्ट फंक्शनला त्याच्या 'लाइव्ह' या अलायसमधून बोलावत होती. अलायस एका क्रमांकित आवृत्तीकडे बोट दाखवतो, आमचा १४ क्रमांकाकडे होता. साधं डिप्लॉय केलं की फक्त 'डॉलर लेटेस्ट', म्हणजे अजून क्रमांक न मिळालेली ताजी प्रत, बदलतं. नवी आवृत्ती पब्लिश करून अलायस तिच्याकडे वळवला नाही तर बाहेरच्या जगासाठी काहीही बदललेलं नसतं. ज्याने अलायस लावला होता तो नोकरी सोडून गेला होता आणि आम्हाला तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्यात भर म्हणजे असिंक्रोनस सेटिंगही अलायसला आणि आवृत्तीला वेगवेगळं असतं. फंक्शनवर शून्य प्रयत्न लावले ते 'डॉलर लेटेस्ट'ला लागले. 'लाइव्ह' तसाच दोन प्रयत्न करत राहिला.

हे ओळखायला तीन सेकंद लागतात. लॉगच्या 'स्टार्ट' ओळीत रिक्वेस्ट आयडीनंतर आवृत्ती लिहिलेली असते. लॉग स्ट्रीमच्या नावातही तारखेनंतर चौकटी कंसात तीच. तिथे १४ दिसत असेल आणि तुम्ही 'डॉलर लेटेस्ट' दुरुस्त करत बसला असाल, तर शेजारच्याच्या विहिरीत बादली टाकताय. आता आमची डिप्लॉय स्क्रिप्ट कोड चढवल्यावर फंक्शनचं 'लास्ट अपडेट स्टेटस' 'सक्सेसफुल' होईपर्यंत थांबते, मग आवृत्ती पब्लिश करते, मग अलायस हलवते. मधलं थांबणं गाळू नका. घाईत कोड आणि सेटिंग एकापाठोपाठ बदलायला गेलात तर 'रिसोर्स कॉन्फ्लिक्ट' येतो, आधीचा बदल अजून चालू आहे म्हणून.

आग लागलीय, आधी नळ बंद करा

त्या तिसऱ्या सकाळी मेसेज जातच होते. अशा वेळी फंक्शन डिलीट करायची इच्छा होते. त्याऐवजी रिझर्व्ह्ड कॉन्करन्सी (एका वेळी किती धावा चालू द्यायच्या ती मर्यादा) शून्य करा. चालू असलेल्या धावा संपतील, पण नवी एकही सुरू होणार नाही. कन्सोलमध्ये यासाठी 'थ्रॉटल' असं बटणच आहे.

एक सापळा आहे. मर्यादा शून्य असताना आलेले नवे असिंक्रोनस निरोप लॅम्डा पुन्हा प्रयत्न न करता अपयशी निरोपांसाठी लावलेल्या जागी पाठवतं. पण मर्यादा शून्य न करता नुसती कमी केलीत, तर अडवलेले निरोप मरत नाहीत. थ्रॉटल झालेला निरोप लॅम्डा आपल्या आतल्या रांगेत ठेवतं आणि वय संपेपर्यंत, म्हणजे सहा तासांपर्यंत, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. 'रिट्राय शून्य' हे सेटिंग इथे लागू होत नाही, ते फक्त फंक्शनच्या चुकांसाठी आहे.  आता निरोपाचं वय आम्ही १५ मिनिटांवर आणून ठेवलंय.

तिसरं कारण: एका वांग्यासाठी अख्खी टोपली परत

यानंतर मांडणीच बदलली. संस्थेचं एक मोठं काम करण्याऐवजी प्रत्येक सभासदाचा एक निरोप एसक्यूएसच्या (एडब्ल्यूएसची निरोपांच्या रांगांची सेवा) रांगेत टाकायचा आणि लॅम्डाने तो उचलायचा. विचार बरोबर होता. एका नंबरसाठी चारशेजण अडकायला नकोत.

तरीही जादा मेसेज आलेच, पण या वेळी पद्धतशीर नव्हे. कुणाला दोन, कुणाला चार. रिक्वेस्ट आयडी प्रत्येक वेळी नवा, मेसेज आयडी तोच.

लॅम्डा रांगेतून निरोप एकेक करून घेत नाही, तुकडीने घेतं. मूळ सेटिंग दहाचं. दहातल्या एकाने चूक फेकली की पूर्ण तुकडी नापास धरली जाते आणि दहाही निरोप व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला निरोप रांगेत लपवून ठेवायची मुदत) संपला की रांगेत पुन्हा दिसू लागतात. त्या खराब नंबराच्या आधी ज्यांचा मेसेज गेला होता त्यांना तो पुन्हा जातो. परत आलेले निरोप दर वेळी त्याच दहाजणांच्या तुकडीत पडतात असं नाही, म्हणून कुणाला दोन आणि कुणाला चार. निरोपासोबत 'अप्रॉक्झिमेट रिसीव्ह काउंट' नावाचा आकडा येतो, तो छापला की हा निरोप कितव्यांदा उचललाय ते समोर दिसतं. एकाहून मोठा असेल तर गुन्हेगार सापडला.

यावर 'रिपोर्ट बॅच आयटम फेल्युअर्स' ही सोय २०२१पासून आहे. फंक्शनने फक्त नापास निरोपांच्या आयडींची यादी परत द्यायची, तेवढेच परत जातात. पण ही सोय रांग आणि फंक्शन यांच्या जोडणीवर, म्हणजे इव्हेंट सोर्स मॅपिंगवर, चालू करावी लागते. नुसती यादी परत दिली आणि जोडणीवर खूण केली नाही, तर लॅम्डा ती यादी वाचतच नाही. फंक्शन न पडता संपलं एवढंच बघतं आणि दहाही निरोप पुसून टाकतं. म्हणजे जादा मेसेजच्या जागी आता गायब मेसेज, आणि ते शोधणं कितीतरी अवघड, कारण न आलेल्या मेसेजची तक्रार लोक करत नाहीत.

व्हिजिबिलिटी टाइमआउटचं बोलायचं तर रांगेचा मूळचा ३० सेकंदांचा असतो. फंक्शनचा टाइमआउट त्याहून मोठा असेल तर जोडणी करतानाच लॅम्डा नकार देतं. एडब्ल्यूएसचा सल्ला आहे की तो फंक्शनच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवा. मला आधी हे अतीच वाटलं होतं, पण मध्येच थ्रॉटलिंग झालं की तुकडी हातात धरून थांबायला तेवढी मुदत लागते. आमचं फंक्शन आता ३० सेकंदांचं, रांग १८० सेकंदांची.

आणि एक चूक मी दोन वेगळ्या टीममध्ये बघितली: फंक्शनवर डेड लेटर क्यू (पडलेले निरोप बाजूला ठेवायची रांग) लावून निर्धास्त होणं. ती फक्त असिंक्रोनस बोलावण्यासाठी असते. रांगेतून आलेल्या कामासाठी डेड लेटर क्यू त्या मूळ रांगेवर लावावी लागते, किती वेळा उचलल्यावर बाजूला टाकायचं त्या आकड्यासकट. तो आकडा पाचच्या खाली ठेवू नका.

बटण पुन्हा दाबणारा माणूस

हे आमच्याकडे झालं नाही, पण होणार होतं. कुणीतरी सुचवलं की वेबपानावर 'बिल पाठवा' असं बटण देऊ, मागे एपीआय गेटवे (वेबवरची विनंती लॅम्डापर्यंत नेणारी एडब्ल्यूएसची सेवा). त्याच्या रेस्ट प्रकारात उत्तरासाठी मुळात २९ सेकंद मिळतात, एचटीटीपी प्रकारात ३०. त्यानंतर गेटवे चूक झाल्याचं कळवतो (रेस्टमध्ये ५०४), आणि पुन्हा तेच: मागे लॅम्डा चालूच. जून २०२४पासून रेस्टच्या रीजनल आणि प्रायव्हेट एपीआयसाठी ही मर्यादा विनंती करून वाढवता येते. पण स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि त्या माणसाचं सेटिंग कुठेच बदलता येत नाही. बटण हवंच असेल तर त्याने फक्त रांगेत निरोप टाकावा आणि "काम घेतलं" म्हणून परत यावं.

शेवटी दारावर वही ठेवावी लागली

प्रयत्न शून्य केले, तुकड्या नीट केल्या, तरी एसक्यूएसची साधी रांग "किमान एकदा" पोचवण्याचं वचन देते, "नेमकं एकदा" नव्हे. लॅम्डाची असिंक्रोनस रांगही तशीच. कधीतरी एखादा निरोप दोनदा येणारच, काहीही न चुकता. त्यामुळे दुसऱ्यांदा आलेलं काम ओळखून परत पाठवणं हे फंक्शनलाच जमायला हवं.

आम्ही डायनॅमोडीबी या एडब्ल्यूएसच्या डेटाबेसमध्ये एक छोटं टेबल केलं. मेसेज पाठवण्याआधी फंक्शन तिथे एक नोंद लिहितं, पण या अटीवर की त्या चावीची नोंद आधी नसावी. अट मोडली तर डायनॅमोडीबी लिहायला नकार देतो आणि फंक्शन गुपचूप बाहेर पडतं. आधी वाचून "नाहीये ना, मग लिहितो" असं दोन पायऱ्यांत करू नका. दोन धावा एकाच क्षणी वाचतात, दोघींना जागा रिकामी दिसते आणि दोघी पाठवतात. अट आणि लिहिणं एकाच विनंतीत हवं. हे हाताने लिहायचं नसेल तर लॅम्डासाठीच्या पॉवरटूल्स या लायब्ररीत तयार सोय आहे.

नोंद लिहिली आणि मेसेज जाण्याआधी फंक्शन मेलं तर? म्हणून नोंदीत 'सुरू' आणि 'गेला' अशा दोन अवस्था ठेवल्या. 'सुरू' अवस्थेत पाच मिनिटांहून जास्त अडकलेली नोंद पुन्हा घेता येते. त्यात कधीतरी एखाद्याला दोन मेसेज जाऊ शकतात, ते आम्ही चालवून घेतलं. पैसे टाकण्याचं काम असतं तर उलट ठरवलं असतं: अडकलेलं तसंच ठेवायचं आणि माणसाने बघायचं.

चावी म्हणून रिक्वेस्ट आयडी चालत नाही, ते वरचं वाचून कळलंच असेल. पहिल्या आणि तिसऱ्या कारणात तो दर वेळी नवा होता. चावी कामातूनच यायला हवी. आम्ही संस्थेचा कोड, सभासद क्रमांक आणि बिलाचा कालावधी जोडून चावी केली. सलग दोन बिलं शांततेत गेली.

तिसऱ्या बिलाला त्याच सचिवांचा फोन. एका सभासदाचं फॅट चुकीचं लिहिलं गेलं होतं, त्यांनी बिल दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, पण सभासदाला मेसेजच मिळाला नाही. "आधी तीन-तीन यायचे, आता एक पण येईना." वहीने तिचं काम चोख केलं होतं: हा सभासद, हा कालावधी, आधी पाठवलंय, परत जा. चावीत आता बिलाचा दुरुस्ती क्रमांकही आहे.